केजन बाजाचा माउथ ऑर्गन: कोणता घ्यावा, कसा वाजवावा, काय बिघडतं

केजन संगीत हे नाचाचं संगीत. कॅनडातल्या अकादी भागातून १७५५ पासून हाकलून लावलेले फ्रेंचभाषक पुढे अमेरिकेत लुइझियानाच्या दक्षिणेला वसले, त्यांच्या वंशजांनी ते वाढवलं. व्हायोलिन आणि दहा बटणांचा अकॉर्डियन ही त्यातली मोठी वाद्यं. माउथ ऑर्गनचा आवाज लहान, म्हणून तो जास्त करून घरगुती नाचांत राहिला. तरी पहिली केजन तबकडी १९२८ सालची आणि आर्टेलस मिस्ट्रिक यांनी माउथ ऑर्गनवर केलेलं ध्वनिमुद्रण १९२९ चं. १९६० च्या दशकात मामू गावच्या आयसम फोंतेनो यांचं वादन ध्वनिमुद्रित झालं. हा बाज शिकणाऱ्याने सगळ्यात आधी फोंतेनो यांना ऐकावं.

कोणता घ्यावा

दहा भोकांचा साधा डायटॉनिक, म्हणजे एकाच पट्टीच्या स्वरांचा. आपल्याकडे घरोघरी दिसतो तो चोवीस भोकांचा ट्रेमोलो या कामाला आम्ही आमच्या दुकानातून देत नाही. त्यात प्रत्येक स्वराला दोन रीड असतात आणि त्या मुद्दाम एकमेकींपासून किंचित हलवलेल्या असतात, त्यामुळे सूर सतत थरथरतो.

पहिला पांढरी एकचा घ्या, कारण केजन अकॉर्डियन बहुतेक याच पट्टीचे असतात. याच वाद्यावर पांढरी पाचची गाणीही वाजतात. दुसरा घ्यायचा तर पांढरी दोनचा. अकॉर्डियनशिवाय, नेहमीच्या जुळणीच्या व्हायोलिनबरोबर बसायचं असेल तेव्हा तो उपयोगी पडतो.

आता गंधाराबद्दल, कारण केजन कानाला खटकतं ते इथेच. अलीकडचे केजन अकॉर्डियन समान अंतराच्या जुळणीत (सप्तकाचे बारा सारखे भाग) नसतात. त्यांचा गंधार सुमारे १४ सेंट (सेंट म्हणजे अर्ध्या स्वराचा शंभरावा भाग) उतरलेला असतो. तंबोऱ्यातून आपोआप ऐकू येतो तोच हा गंधार. तुमच्या माउथ ऑर्गनचा गंधार समान अंतराचा असेल, तर मधल्या सप्तकाच्या वरच्या गंधाराला दोन वाद्यांत सेकंदाला पाचेक ठोके पडतात आणि सूर खरखरीत लागतो. ली ऑस्कर कंपनीचा माउथ ऑर्गन समान अंतराच्या जुळणीत येतो. एकट्याची चाल त्यावर छान वाजते, पण सुरांचा झुबका (एकदम वाजणारे स्वर) कडक वाटतो. होनरचा मरीन बँड किंवा स्पेशल ट्वेंटी या दोन्हींच्या मधल्या जुळणीचे असतात, आमची पसंती त्यांना. मरीन बँडची चौकट लाकडी आहे. कोकणात किंवा मुंबईत राहत असाल तर पावसाळ्यात ती फुगते आणि ओठांना टोचते, म्हणून तिथल्या ग्राहकांनी प्लास्टिकच्या चौकटीचा स्पेशल ट्वेंटी घेतलेला बरा.

कसा वाजवावा

वाद्याकडे छोटा अकॉर्डियन म्हणून पाहा. फुंकणं म्हणजे भाता दाबणं, ओढणं म्हणजे भाता उघडणं. स्वर वाकवून रडवायची ब्लूजची सवय इथे बाजूला ठेवायची; नाचणाऱ्याला मात्रा हवी असते.

पांढरी एकमध्ये चौथ्या भोकापासून सुरुवात करा. सा फुंकून, रे ओढून, ग फुंकून, म ओढून, प फुंकून, ध ओढून, नी पुन्हा ओढून आणि वरचा सा सातव्या भोकात फुंकून. ध आणि नी लागोपाठ ओढायचे असतात. शिकणाऱ्याचा श्वास बहुतेक इथेच चुकतो आणि लय अडखळते. खालच्या सप्तकात म आणि ध नाहीतच, तिथे चाल शोधू नका, ती भोकं झुबक्यासाठी ठेवा.

खरं काम जिभेचं. ओठांत चार भोकं घ्या, डावीकडची तीन जिभेने झाका, उजव्या कोपऱ्यातून चालीचा स्वर काढा. तीन मात्रांच्या वॉल्ट्झमध्ये पहिल्या मात्रेला जीभ लावून ठेवायची, दुसऱ्या आणि तिसऱ्या मात्रेला क्षणभर उचलायची. अकॉर्डियनवाल्याचा डावा हात असाच चालतो: आधी खर्ज, मग दोनदा झुबका. टू-स्टेप नाचात जीभ दोन मात्रांच्या मध्ये उचला. सहाव्या भोकात ओढताना जीभ उचलली की नी, रे, म, ध असा बोचरा झुबका लागतो. तो वाजवा, पण अर्ध्या वेळातच जीभ परत टेकवा.

सप्तकाची जोडी (एकच स्वर दोन सप्तकांत) वाजवताना फुंकीत चार भोकांपैकी मधली दोन झाकायची: १ आणि ४, २ आणि ५, ३ आणि ६. ओढताना हा हिशोब फक्त १ आणि ४ ला जमतो. २ आणि ५ ओढलीत तर पंचम आणि मध्यम एकत्र येतात, म्हणजे जोडी सप्तकाची राहत नाही. ओढीसाठी पाच भोकं तोंडात घेऊन मधली तीन झाका: ३ आणि ७, ४ आणि ८, ५ आणि ९, ६ आणि १०. जबडा तेवढा रुंद करायला वेळ लागतो. रोज हळू फक्त ओढीच्या, १ आणि ४ धरून, या पाच जोड्या घोटा.

पांढरी पाचच्या गाण्याला १ ते ४ ओढून घराचा, म्हणजे त्या पट्टीच्या सा-चा, झुबका मिळतो. पाचवं भोक ओढलं की कोमल निषाद लागतो. पांढरी एकचा अकॉर्डियनही या पट्टीत गेला की हाच निषाद देतो, त्यामुळे तो चुकीचा समजून टाळू नका.

काय बिघडतं

सर्वात जास्त तक्रार ‘दोन नंबर ओढल्यावर वाजत नाही’ ही. दहातल्या नऊ वेळा रीड ठीक असते. जोरात किंवा वाकड्या तोंडाने ओढल्यामुळे ती गुदमरते. हलका श्वास घ्या, पोटातून. अधूनमधून वाजणारी रीड बहुधा लाळेने अडलेली असते. भोकं खाली करून तळहातावर आपटा. लाकडी चौकट पाण्यात बुडवू नका.

गंधार घरी उतरवायचा असेल तर आधी रीड ओळखा: फुंकीच्या रीड वरच्या धातूच्या पट्टीवर आतून, ओढीच्या खालच्या पट्टीवर बाहेरून असतात. गंधाराच्या २, ५, ८ फुंकीच्या. निषादाच्या ३ आणि ७ ओढीच्या, त्या सुमारे १२ सेंट उतरवा. रीडखाली पातळ पोलादी पत्री सरकवा आणि मुळाशी, रिव्हेटच्या बाजूला, हलक्या हाताने दोन-तीनदा खरवडा. टोकाशी खरवडलं तर सूर चढतो. प्रत्येक वेळी कीस झटका, वाद्य हातात कोमट करा, हळू वाजवून ट्यूनरवर पाहा, कारण जोरात वाजवलं की सूर स्वतःच उतरतो. हार्मोनियमच्या मानाने ही रीड फार बारीक आहे, तिथली कानस इथे चालणार नाही.

रीडला तडा गेला की सूर एकाएकी बराच उतरतो आणि कितीही खरवडून टिकत नाही. अशी रीड घरी छेडू नका, वाद्य उघडताना निघालेल्या स्क्रूसकट आमच्याकडे आणा.