सेटल–कार्लाइल रेल्वेमार्ग: दोन नकारांची पार्श्वभूमी

यॉर्कशर डेल्सच्या माळावरून ईडन नदीच्या खोऱ्यात उतरणारा सेटल–कार्लाइल हा सुमारे 72 मैलांचा मार्ग आज इंग्लंडमधल्या सर्वांत देखण्या रेल्वेमार्गांत धरला जातो. ज्यांच्या मालकीचा तो होता, त्यांनी मात्र तो दोनदा नकोसा ठरवला होता. पहिल्यांदा 1869 मध्ये, एक फावडंही मारलं गेलं नव्हतं तेव्हा. आणि दुसऱ्यांदा 1980 च्या दशकात. दोन्ही वेळा सोडून द्यायची परवानगी मागितली गेली आणि दोन्ही वेळा ती नाकारली गेली. दुसऱ्या नकाराची गोष्ट जास्त गुंतागुंतीची आहे, म्हणून पहिला थोडक्यात.

मार्ग बांधणाऱ्या, डर्बीत मुख्यालय असलेल्या मिडलंड रेल्वे कंपनीला स्कॉटलंडची वाहतूक हवी होती, पण तिचे स्वतःचे रूळ इंगलटनला संपत. पुढचा रस्ता प्रतिस्पर्धी कंपनीच्या ताब्यात. त्या कंपनीने जमेल तितका छळ केला. इंगलटनमध्ये दरीच्या दोन अंगांना दोघांची दोन स्टेशनं; प्रवाशांनी एका स्टेशनात उतरायचं, दरी ओलांडून चालत दुसरं गाठायचं, आणि तोवर पुढची गाडी निघून गेलेली असायची. थेट जाणारा डबा मिळालाच तर तो कोळशाच्या मालगाडीला जोडला जाई. या जाचाला कंटाळून कंपनीने स्वतःचा मार्ग टाकायचं ठरवलं आणि 1866 मध्ये संसदेकडून तसा कायदा करून घेतला.

त्याच वर्षी लंडनमधली एक मोठी वित्तसंस्था बुडाली, भांडवल महागलं आणि प्रतिस्पर्ध्यालाही अचानक समजूतदारपणा सुचला. योग्य अटींवर रूळ वापरू देतो, म्हणाला. झालं, डोंगरातला खर्चिक मार्ग बांधायचं कारणच उरलं नाही. 1869 मध्ये कंपनी योजना रद्द करण्याचं विधेयक घेऊन संसदेत गेली. या मार्गावर डोळा ठेवून बसलेल्या आणखी दोन कंपन्यांनी, एक लँकशरची आणि एक स्कॉटलंडची, त्याला विरोध केला आणि संसदेने सांगितलं, कबूल केलंय तर बांधा. त्याच वर्षाच्या अखेरीस काम सुरू झालं.

बांधकामाबद्दल भरपूर लिहिलं गेलंय, त्यामुळे फार रेंगाळत नाही. चौदा बोगदे, वीसच्या वर मोठे पूल, खर्च 35 लाख पौंडांच्या पलीकडे. रिबलहेडच्या पाणथळ माळावर मजुरांच्या झोपडवस्त्या उभ्या राहिल्या आणि त्यांना नावं मिळाली सेबास्तोपोल, इंकरमन, जेरिको, बेलग्रेव्हिया. म्हणजे क्रिमियाचं युद्ध, बायबल आणि लंडनचा श्रीमंत मोहल्ला, सगळं एका चिखलात. 1871 मध्ये तिथे देवीची साथ आली. अपघातांत आणि आजारांत गेलेली माणसं आणि त्यांची पोरंबाळं जवळच्या चॅपल-ली-डेलच्या छोट्या चर्चच्या आवारात पुरली गेली. एवढ्याशा खेड्याच्या त्या जागेत दोनशेच्या आसपास. रिबलहेडचा पूल लोकरीच्या गासड्यांवर उभा आहे अशी एक दंतकथा आजही पर्यटकांना सांगितली जाते. त्यात तथ्य नाही. पीट आणि चिकणमाती उपसून खाली खडक लागेपर्यंत पाया खणलेला आहे.

मालगाड्या 1875 च्या ऑगस्टमध्ये सुरू झाल्या, प्रवासी गाड्या 1 मे 1876 ला. सेटलकडून वर चढणारी पंधरा-सोळा मैलांची 1:100 ची चढण इंजिनवाल्यांमध्ये ‘लाँग ड्रॅग’ म्हणून बदनाम होती: फायरमनला उसंत नाही, आणि माथ्यावर एस गिलला 1,169 फूट. 1910 च्या नाताळच्या आदल्या दिवशी पहाटे आजच्या गार्सडेल स्टेशनजवळ सिग्नलमन मुख्य रुळावर उभी असलेली दोन मोकळी इंजिनं विसरला आणि एक्सप्रेस त्यांच्यावर आदळली. 12 माणसं गेली. 1913 च्या सप्टेंबरमध्ये एस गिललाच 16. दोन्ही वेळा डब्यातल्या गॅसच्या दिव्यांनी आग भडकली. हिवाळे वेगळेच. 1947 मध्ये बर्फाने हा मार्ग आठवडेच्या आठवडे गाडून टाकला होता. डेंट स्टेशनच्या वरच्या उतारावर बर्फ अडवायला रुळांखालच्या जुन्या स्लीपरांचं कुंपण घातलेलं होतं, त्याचे अवशेष अजून दिसतात. ते डेंट स्टेशनही इंग्लंडच्या मुख्य मार्गांवरचं सर्वांत उंच. गाव मात्र चार मैल लांब आणि सहाशे फूट खाली. डेल्समधली स्टेशनं गावांसाठी नव्हतीच, स्कॉटलंडसाठी टाकलेल्या रुळाच्या वाटेवर ती आली, इतकंच. या मार्गाच्या पुढच्या सगळ्या दुखण्यांचं मूळ त्यात आहे.

तोट्यातले रेल्वेमार्ग छाटायला सांगणाऱ्या 1963 च्या प्रसिद्ध बीचिंग अहवालात या मार्गाची प्रवासी सेवा बंद करावी असं लिहिलेलं होतं. तेव्हा ते टळलं. पण मे 1970 मध्ये सेटल आणि ॲपलबी सोडून मधली सगळी स्टेशनं बंद झाली. 1974 मध्ये पश्चिम किनाऱ्याच्या मार्गाचं विद्युतीकरण ग्लासगोपर्यंत पोहोचलं आणि लांब पल्ल्याच्या वाहतुकीचा ओढा तिकडे गेला. 1982 मध्ये नॉटिंगहॅम–ग्लासगो गाड्याही इथून काढून दुसरीकडून वळवल्या. मालगाड्याही हलवण्यात आल्या. उरल्या लीड्स–कार्लाइलच्या दिवसाला दोन जाणाऱ्या आणि दोन येणाऱ्या गाड्या. याला विरोधक ‘चोरपावलांनी बंदी’ म्हणत. तोवर मालक झालेल्या सरकारी रेल्वेने, म्हणजे ब्रिटिश रेलने, हा हेतू कधी कबूल केला नाही. पण स्टेशनं बंद करायची, गाड्या काढून घ्यायच्या आणि मग प्रवासी नाहीत म्हणून बोट दाखवायचं, हा क्रम पाहिल्यावर हेतूचा कागद शोधत बसायची गरज नाही.

डिसेंबर 1983 मध्ये मार्ग बंद करण्याची पहिली नोटीस लागली. कारण एकच, आणि ऐकायला बिनतोड: रिबलहेडचा पूल.

हा पूल 24 कमानींचा, 400 मीटर लांब, 104 फूट उंच. खांब चुनखडीच्या दगडाचे, कमानी विटांच्या, आत भरलेला राबिट. दर सहावा खांब जाड, म्हणजे एखादी कमान कोसळलीच तर पडझड सहा कमानींवर थांबावी. दुखणं वरून सुरू झालेलं. खडीच्या खालचा पाणी अडवणारा थर निकामी झाला, पाऊस कमानीतून झिरपत खांबांच्या पोटात गेला, हिवाळ्यात गोठून फुगला आणि दगडांचे सांधे उकलत गेले. काही खांबांना जुन्या रुळांचे आवळे घालून बांधलेलं होतं. 1985 मध्ये भार कमी करायचा म्हणून पुलावरचे दोन रूळ काढून मधोमध एकच ठेवला गेला. दुरुस्तीचा अंदाज रेल्वेने दिला तो 60 लाख पौंडांपर्यंत जाणारा, आणि नवा पूल बांधायचा तर त्याहून कितीतरी जास्त. दिवसाला दोन गाड्यांसाठी एवढा पैसा कोण घालणार?

इथे कायद्याची एक अडचण समजून घ्यावी लागते, नाहीतर पुढचं सगळं भावनिक आंदोलन वाटतं. 1962 च्या वाहतूक कायद्यानुसार बंदीच्या प्रस्तावावर प्रवाशांची सल्लागार समिती हरकती ऐकायची, पण तिने मंत्र्यांना अहवाल द्यायचा तो फक्त एका प्रश्नावर: मार्ग बंद झाला तर वापरणाऱ्यांचे हाल होतील का? पुलाचा खर्च खरा की फुगवलेला, हे समितीच्या कक्षेत नव्हतं. पश्चिमेचा मुख्य मार्ग तुंबला तर वळवायला हाच एक रस्ता आहे, हेही नव्हतं. पर्यटन, वारसा, स्थानिक रोजगार, काहीच नाही. आणि हाल मोजायचे ते आज प्रवास करणाऱ्यांचे. ज्यांचं स्टेशन 1970 मध्येच बंद झालं, त्यांचे हाल 1986 मध्ये कोणत्या वहीत लिहायचे? ज्या यंत्रणेने मार्ग ओस पाडला, त्याच ओसाडीचा फायदा तिला कायदा देत होता. मला हा सगळ्या प्रकरणातला सर्वांत गैर भाग वाटतो, पुलाच्या आकड्यांपेक्षाही.

विरोधकांनी त्याच चौकटीत शिरून तिला फाटेपर्यंत ताणलं. हरकती आल्या 22,265. त्यांतली एक कुत्र्याची. विरोध करणाऱ्या संघटनेच्या एका संस्थापकाचा रसप नावाचा कोली जातीचा कुत्रा या गाड्यांतून नेहमी हिंडायचा आणि त्याचंही भाडं भरलेलं असायचं. हरकत घ्यायला प्रवासी असावं लागतं, आणि तिकीट काढलेला तो प्रवासी, असा युक्तिवाद. सहीच्या जागी पंजाचा ठसा, आणि ती हरकत मान्य झाली. हसण्यावारी न्यावं असं वाटतं, पण कायद्याच्या शब्दाला शब्दाने भिडण्याची हीच रीत बाकीच्या हरकतींतही होती. (मालक 1990 मध्ये वेल्सच्या डोंगरात वारले, तेव्हा हा कुत्रा हिवाळ्यात अकरा आठवडे मृतदेहाजवळ बसून होता. गार्सडेल स्टेशनच्या प्लॅटफॉर्मवर त्याचा पुतळा आहे.) 1986 च्या वसंतात मार्गावरच्या गावांमध्ये आणि शहरांमध्ये सुनावण्या झाल्या आणि समितीने बंदीविरुद्ध स्पष्ट कौल दिला. कौल बंधनकारक नव्हता.

तरी मार्ग वाचवण्याचं श्रेय केवळ आंदोलकांना देणं हे अर्धसत्य आहे. बंदीचं काम सुरळीत पार पाडायला रेल्वेने 1983 मध्ये एका अनुभवी अधिकाऱ्याला नेमलं. त्याने आल्यावर मार्ग आहे तोवर तो विकायला सुरुवात केली: स्वस्त परतीची तिकिटं, जास्त डबे, जादा गाड्या. जुलै 1986 मध्ये मधली आठ स्टेशनं पुन्हा नियमित गाड्यांसाठी उघडली. 1974 पासून गिर्यारोहकांसाठी सुटीच्या दिवशी खास गाड्या धावत होत्या, त्यामुळे प्लॅटफॉर्म पूर्ण मोडीत निघाले नव्हते, हे कामी आलं. बंदीच्या बातमीने ‘शेवटचं पाहून घेऊ’ म्हणणारी गर्दीही लोटली. 1983 मध्ये वर्षाला 93,000 फेऱ्या नोंदल्या गेल्या होत्या. 1989 पर्यंत त्या साडेचार लाखांवर गेल्या. एका बाजूला रेल्वे सरकारला सांगत होती की मार्गाला भवितव्य नाही, आणि तिच्याच पगारावरचा माणूस डबे कमी पडतायत म्हणून कळवत होता.

मे 1988 मध्ये सरकारने जाहीर केलं की बंदीला संमती द्यायचा आपला कल आहे, खाजगी खरेदीदार पुढे आला तर मात्र विचार करू. इथे बऱ्याच जणांनी आशा सोडली. पण पुलाचा आकडा तोपर्यंत डळमळायला लागला होता. चाचणी म्हणून काही कमानींवरची खडी काढून नवा जलरोधक थर घातला गेला, तेव्हा आतलं बांधकाम भीती होती त्यापेक्षा बरंच धड निघालं. वारसा जपणाऱ्या सरकारी संस्थेने आणि स्थानिक परिषदांनी खर्चात वाटा उचलायची तयारी दाखवली. 11 एप्रिल 1989 ला मंत्र्यांनी बंदीला संमती नाकारली. पुलाची दुरुस्ती पुढच्या दोन-तीन वर्षांत झाली, ती मूळ अंदाजाच्या निम्म्याच्या आसपास खर्चात.

फुगवलेला आकडा हा कट होता की अभियंत्यांची अतिसावधगिरी, यावर अजून वाद होतो. डोंगरातल्या शंभर वर्षांच्या पुलावर सही करताना कुणीही अभियंता वरचाच आकडा धरेल, हे मान्य. पण तो आकडा वर्षानुवर्षं तपासून न पाहता निर्णयाचा पाया म्हणून वापरला, हे अभियंत्यांचं काम नव्हतं.

वाचलेल्या मार्गाचा पुढे सर्वांत मोठा गिऱ्हाईक पर्यटक ठरला नाही, कोळसा ठरला. स्कॉटलंडच्या हंटरस्टन बंदरात उतरणारा आयात कोळसा यॉर्कशरच्या वीजकेंद्रांकडे नेणाऱ्या अवजड मालगाड्या 1990 च्या दशकापासून इथून जायला लागल्या आणि त्यांच्या वजनाने रूळ, भराव, सिग्नल सगळंच नव्याने करावं लागलं. 1986 च्या सुनावणीत या वाहतुकीचा विचारही करायला मनाई होती. ब्रिटनने कोळशावरची वीज सोडली तशी ही वाहतूक संपली. तिची जागा काही प्रमाणात मार्गालगतच्या खाणींतल्या खडीने आणि रिबलहेडहून निघणाऱ्या लाकडाने घेतली.

फेब्रुवारी 2016 मध्ये आर्माथवेटजवळ ईडन ब्राउझला सततच्या पावसाने भरावाखालचा सुमारे पाच लाख टनांचा उतार नदीकडे सरकला. 1980 च्या दशकात हे झालं असतं तर मार्ग त्या दिवशीच संपला असता. या वेळी 2.3 कोटी पौंड खर्चून खाली पोलादी खांबांवर काँक्रीटचा आधार बांधला गेला आणि 31 मार्च 2017 ला वाहतूक पूर्ववत झाली. बंद करावा का, हा प्रश्न कुणी गंभीरपणे विचारलासुद्धा नाही.

आज लीड्स–कार्लाइल प्रवासी गाड्या सरकारी मालकीची कंपनी चालवते, बहुतेक दोन-तीन डब्यांच्या डिझेल गाड्या. उन्हाळ्यात त्यांत वाफेच्या इंजिनांच्या खास फेऱ्यांची भर पडते. वेळापत्रक बसवणाऱ्यांची डोकेदुखी मात्र जुनीच आहे. 1985 मध्ये भार कमी करण्यासाठी तात्पुरती म्हणून पुलावर केलेली एकेरी लाइन दुरुस्तीनंतरही कधी दुहेरी झाली नाही. समोरून मालगाडी पुलावर आली असेल, तर ब्ली मूरच्या किंवा रिबलहेडच्या सिग्नलला थांबून वाट पाहावी लागते.