हळदीचे सौदे, उचल आणि चुकणारी बेरीज

सांगलीच्या हळद बाजारातल्या अडत दुकानात शेतकऱ्याची बाकी काढायची म्हणजे सौद्यांची रक्कम धरायची आणि हंगामात घेतलेली उचल वजा करायची. वहीवर सोपं असलेलं हे काम क्वेरीत, म्हणजे संगणकातल्या डेटाबेसला विचारलेल्या प्रश्नात, हमखास चुकतं. का चुकतं, ते समजायला 1970 पर्यंत मागे जावं लागतं.

त्या वर्षी आयबीएममधल्या एडगर कॉड यांनी रिलेशनल मॉडेल मांडलं: माहिती ओळी-रकान्यांच्या टेबलांत ठेवायची, आणि अशा टेबलाला ते रिलेशन म्हणत. तोवर आयबीएमच्याच आयएमएससारख्या डेटाबेस प्रणालींत माहिती झाडाच्या फांद्यांसारखी रचलेली असे, आणि कुठल्या वाटेनं तिच्यापर्यंत जायचं हे प्रोग्रॅमरनं ठरवायचं. कॉड यांनी ती वाटच काढून टाकली. पुढं त्यांनी नॉर्मलायझेशनचे, म्हणजे एक माहिती एकाच जागी ठेवण्याचे, नियमही बांधले. शेतकऱ्याचं गाव आणि मोबाइल प्रत्येक सौद्याच्या ओळीत लिहिला, तर नंबर बदलल्यावर एखादी ओळ जुनीच राहते. म्हणून शेतकरी वेगळ्या टेबलात आणि सौद्यात फक्त त्याचा क्रमांक. मात्र त्या दिवशीचा दर, हमाली, तोलाई सौद्याच्या ओळीतच हवी. ती मास्टर टेबलातून, म्हणजे चालू दरांच्या सामाईक टेबलातून, घेतली, तर पुढच्या वर्षी हमाली वाढताच जुन्या पट्ट्यांचे (सौद्यांच्या हिशेबाच्या कागदांचे) आकडे बदलतात. नॉर्मलायझेशनच्या उत्साहात ही चूक फार होते.

खरी गुंतागुंत 1974 पासूनची. आयबीएमच्या सिस्टिम आर प्रकल्पात चेंबरलिन आणि बॉइस यांनी आजच्या एसक्यूएलची, म्हणजे क्वेरी लिहायच्या भाषेची, पूर्वज भाषा घडवली. कॉड यांच्या रिलेशनमध्ये एकच ओळ दोनदा येऊ शकत नाही. एसक्यूएलनं मात्र दुबार ओळी चालवून घेतल्या, कारण दर वेळी त्या गाळणं यंत्राला महाग पडायचं. दुबार ओळी गाळायच्या असतील त्यानं डिस्टिंक्ट हा शब्द लिहावा.

आता एका शेतकऱ्याचे दोन सौदे घ्या: 12 आणि 8 क्विंटल. उचल तीन वेळा: 10,000, 5,000 आणि 5,000 रुपये. शेतकरी, सौदे आणि उचल ही तिन्ही टेबलं शेतकरी क्रमांकावरून एकदम जॉइन केली, म्हणजे जोडली, की प्रत्येक सौदा प्रत्येक उचलीला जोडला जातो आणि 6 ओळी होतात. वजनाची बेरीज 20 ऐवजी 60 क्विंटल, उचल 20,000 ऐवजी 40,000. घाईत कुणी बेरीज करणाऱ्या समच्या आत डिस्टिंक्ट टाकतं. वजन 20 वर येतं, आणि क्वेरी सुधारली असं वाटतं. पण उचल 15,000 दिसते, कारण 5,000 च्या दोन खऱ्या उचलींतली एक गळाली. डिस्टिंक्ट हे या दुखण्यावरचं औषधच नव्हे. सौद्यांची बेरीज शेतकरी क्रमांकावर ग्रुप बाय करून (प्रत्येक शेतकऱ्याचा गट पाडून) आधी काढा, उचलीची तशीच वेगळी काढा, आणि मग प्रत्येकी एकेक ओळ उरलेले हे दोन निकाल शेतकऱ्याला लेफ्ट जॉइननं जोडा; त्यात जोडीची ओळ नसली तरी शेतकरी गळत नाही.

इथं नल, म्हणजे रिकामी, माहीत नसलेली किंमत, आडवा येतो. ज्यानं उचल घेतलीच नाही, त्याच्यापुढं शून्य नसून नल असतो, आणि रकमेतून नल वजा केला की बाकीही नल. म्हणून उचलीला नलच्या जागी दुसरी किंमत देणारं कोअलेस लावून शून्य करायचं. नलमागचं खरं, खोटं आणि अज्ञात असं त्रिमूल्य तर्कशास्त्र कॉड यांनी 1979 च्या लेखात मांडलं. उचल न घेतलेल्यांची यादी नॉट इननं, म्हणजे ‘या क्रमांकांत नसलेले’ असं विचारून, काढताना उचल टेबलात एकाही ओळीत शेतकरी क्रमांक रिकामा असेल, तर यादी कोरी येते: त्या अज्ञात क्रमांकाशी केलेली तुलना खरीही ठरत नाही आणि खोटीही. ‘जुळणारी ओळच नाही ना’ असं तपासणारं नॉट एक्झिस्ट्स वापरलं की हा त्रास नाही. आणि त्या रकान्यावर मुळातच नॉट नल, म्हणजे रिकामा ठेवायला बंदी, हवं.

एसक्यूएलचं अमेरिकी प्रमाणीकरण 1986 मध्ये झालं, तरी प्रत्येक शेतकऱ्याचा शेवटचा सौदा काढायला सबक्वेरीची (क्वेरीच्या आत क्वेरी लिहायची) कसरत बरीच वर्षं चालली. 2003 च्या एसक्यूएल मानकात गटातल्या ओळींवर हिशेब करणारी विंडो फंक्शन्स आली; मायएसक्यूएल या डेटाबेस प्रणालीत ती 8.0 या आवृत्तीपासून, म्हणजे 2018 पासून. त्यातल्या, ओळींना क्रमांक देणाऱ्या रो नंबरला पार्टिशन (गट) शेतकरी क्रमांकाचं द्या आणि क्रम तारखेचा, उतरता; 1 क्रमांकाची ओळ म्हणजे शेवटचा सौदा. एकाच दिवशी दोन सौदे असतील तर कुठला आधी हे ठरलेलं नसतं, म्हणून तारखेनंतर पट्टी क्रमांकही क्रमात घाला.