मलाक्का आणि सिंगापूरची पायी फेरी: निघण्यापूर्वी एवढं वाचा

वेगवेगळ्या धर्मांची देवळं-मशिदी पायी दाखवणाऱ्या आमच्या फेरीचा रस्ता नकाशावर दाखवला की बहुतेकांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो, "एवढ्याशा गल्लीला अडीच तास?"

मलेशियातल्या मलाक्का शहराच्या तुकांग एमास आणि तोकोंग या लागून असलेल्या गल्ल्यांत 1781 सालचं विनायकाचं देऊळ, 1748 मध्ये स्थापन झालेली कंपुंग क्लिंग मशीद आणि सतराव्या शतकातलं चेंग हून तेंग हे चिनी देवालय अगदी हाकेच्या अंतरावर आहेत. बाहेरून फोटो काढून निघायचं तर पंधरा मिनिटं पुरतात. पण मशिदीच्या अंगणात जरा थांबा आणि वर बघा. घुमट नाहीच, एकावर एक चढत गेलेलं तीन टप्प्यांचं उतरतं छप्पर आहे, मिनार पॅगोड्याच्या घाटाचा आणि आतले खांब युरोपीय घडणीचे. शेजारचं देऊळ उभारणारे चिट्टी मूळच्या तमिळ व्यापाऱ्यांचे वंशज. ते बोलतात मलय आणि पूजतात हिंदू देव. हे सगळं गाडीत बसून दाखवा, असा आग्रह होतो. तो आम्ही मानत नाही.

सिंगापूरच्या फेरीतही अशीच शेजारी-शेजारी प्रार्थनास्थळं. 1822 च्या नगररचनेत प्रत्येक समाजाला वेगळा भाग आखून दिला होता. तरी साउथ ब्रिज रोडवर, ऐन चायनाटाउनमध्ये, जामे मशीद आणि मारियम्मन देवीचं देऊळ एकमेकांच्या जवळ उभी आहेत.

आता आमची खरी अडचण: बुटांच्या नाड्या. देवळात आणि मशिदीत अनवाणी जायचं असतं. चिनी देवालयात बूट चालतात, पण उंबऱ्यावर पाय न देता तो ओलांडायचा. गटात तिघा-चौघांचे जरी नाड्यांचे बूट असले, तरी प्रत्येक दारात सोडा-बांधा चालते, बाकीचे उन्हात ताटकळतात आणि शेवटचं ठिकाण घाईत उरकावं लागतं. कृपया पटकन निघणाऱ्या चपला किंवा सँडल घालून या. मोजे पिशवीत ठेवा, दुपारी फरशी चांगलीच तापते. खांदे आणि गुडघे झाकणारे कपडे असले, की अंगावर घ्यायला वस्त्र मागत दारात थांबावं लागत नाही.

शुक्रवारी दुपारची फेरी आम्ही लावत नाही. जुम्म्याच्या नमाजाच्या वेळी पाहुण्यांना आत घेत नाहीत, आणि मशीद रस्त्यावरून दाखवून पूर्ण पैसे घेणं आम्हाला पटत नाही.

गटात आठपेक्षा जास्त माणसं घेत नाही, त्यामुळे जागा लवकर भरतात. जमल्यास मुक्कामाच्या पहिल्याच सकाळी ही फेरी घ्या. नंतर आपलं आपण फिरताना कुठं थांबायचं ते समजतं. फक्त तुमच्या कुटुंबापुरती फेरी हवी असेल तर तीही लावून देतो. कुणाचे गुडघे दुखत असतील तर नोंदणी करतानाच सांगा, म्हणजे बसायचे थांबे वाढवता येतात.