सहायक साधने (ठाणे–नवी मुंबई परिसर)

सहायक साधने : पाहणे, ऐकणे, चालणे, बोलणे, आठवणे यांपैकी एखादी क्षमता उणी पडली तरी माणसाचा रोजचा व्यवहार अडू नये म्हणून वापरायच्या वस्तू, आणि त्या पोहोचवणारी सेवा. कुबड्या, व्हीलचेअर, पांढरी काठी, कानाचे मशीन, कृत्रिम पाय ही ओळखीची उदाहरणे. जागतिक आरोग्य संघटनेने २०१६ मध्ये अग्रक्रमाच्या ५० साधनांची यादी केली. तीत चष्मा आहे आणि कप्पे असलेला गोळ्यांचा डबाही आहे. कुष्ठरोगाने तळव्याची संवेदना गेलेले रुग्ण घालतात ती मऊ रबरी तळाची एमसीआर चप्पलही याच वर्गातली. चष्मा लावणाऱ्याला कोणी अपंग म्हणत नाही, कानाच्या मशीनकडे मात्र लोक वळून पाहतात. साधन मिळूनही ते कपाटात का पडून राहते, याचे एक उत्तर इथेच आहे.

जागतिक आरोग्य संघटना व युनिसेफ यांच्या २०२२ च्या अहवालानुसार जगात २५० कोटींहून अधिक लोकांना किमान एका साधनाची गरज आहे आणि २०५० पर्यंत हा आकडा ३५० कोटींवर जाईल. जवळजवळ १०० कोटी लोकांना साधन मिळत नाही. श्रीमंत देशांत गरजवंतांपैकी ९० टक्क्यांपर्यंत लोकांच्या हाती ते असते, काही गरीब देशांत जेमतेम ३ टक्क्यांच्या. ज्यांना मिळाले, त्यांतल्या सुमारे दोन-तृतीयांश लोकांना पदरचे पैसे घालावे लागले. जागतिक बँकेच्या वर्गवारीत भारत निम्न-मध्यम उत्पन्न गटात येतो, पण सरासरीच्या आड काय दडते ते ठाणे जिल्ह्यात लख्ख दिसते.

या साधनांची गरज आणि वापर यांवरच्या संशोधनाची पहिली अडचण मोजणीची. २०११ च्या जनगणनेत भारतात २.६८ कोटी, म्हणजे लोकसंख्येच्या २.२१ टक्के व्यक्ती अपंग म्हणून नोंदल्या गेल्या. त्याच वर्षी जागतिक आरोग्य संघटना व जागतिक बँक यांच्या अपंगत्वावरील अहवालाने जगासाठी सुमारे १५ टक्क्यांचा अंदाज मांडला. या तफावतीचे मोठे कारण प्रश्नाच्या शब्दांत आहे. प्रगणकाने दारात उभे राहून ‘घरात कोणी अपंग आहे का?’ असे विचारले, की गुडघे धरल्यामुळे चाळीचा जिना उतरू न शकणारी आजी त्यात धरली जात नाही. घरच्यांच्या लेखी तिचे वय झालेले असते. संयुक्त राष्ट्रांच्या पुढाकाराने २००१ मध्ये स्थापन झालेल्या वॉशिंग्टन गटाने म्हणून ‘अपंग’ हा शब्दच वगळून सहा प्रश्न तयार केले : चष्मा लावूनही दिसायला अडचण येते का, चालायला किंवा पायऱ्या चढायला अडचण येते का, अशा धर्तीचे. मराठीत ते विचारताना शब्द जपून निवडावा लागतो. ‘त्रास’ म्हटले की पुष्कळांना दुखणेच आठवते. ‘जड जाते का’ म्हटले की वेगळे उत्तर मिळू शकते. म्हणून भाषांतर आधी वस्तीत जाऊन तपासून घेणे हा संशोधनाचाच भाग आहे.

दुसरी अडचण ठिकाणाची. सिडकोने आखलेल्या वाशी-नेरूळच्या सपाट रस्त्यांवर चालणारी व्हीलचेअर कळवा-मुंब्र्यात पारसिक डोंगराच्या उतारावरच्या पायऱ्यांच्या गल्लीत निरुपयोगी ठरते. शहापूर-मुरबाडच्या पाड्यांवर पावसाळ्याचे चार महिने चिखल. वाशीत नवी मुंबई महानगरपालिकेचे दिव्यांगांसाठीचे ईटीसी (शिक्षण-प्रशिक्षण) केंद्र आहे. हाजी अलीला १९५५ पासून अखिल भारतीय भौतिक चिकित्सा व पुनर्वसन संस्था आहे. पण मुरबाडला रेल्वे नाही. तिथून निघालेल्याला आधी एसटीने कल्याण गाठायचे, मग लोकलमध्ये चढायचे, आणि दिव्यांगांचा डबा असला तरी फलाट व डबा यांमधली फट ओलांडायचीच असते. सोबत येणाऱ्याचाही त्या दिवसाचा रोज बुडतो. साधन ‘मोफत’ अशी नोंद करताना हा खर्च धरला जात नाही, आणि तो धरायलाच हवा.

ठिकाण ओळखून साधन घडवले तर काय होते, याचा उत्तम नमुना म्हणजे जयपूर फूट. कारागीर रामचंद्र शर्मा आणि अस्थिशल्यचिकित्सक डॉ. प्र. क. सेठी यांनी १९६० च्या दशकाच्या अखेरीस तो विकसित केला. त्याआधीचे परदेशी घडणीचे पाऊल बुटात घालावे लागे. त्यावर मांडी घालता येत नसे, उकिडवे बसता येत नसे. रबराचे हे पाऊल अनवाणी चालते, ओल्यात चालते, खाचराच्या बांधावर वळते. भातलावणीवर पोट असणाऱ्याला याहून महत्त्वाचे काय?

तिसरी अडचण वाटपानंतरची. दिव्यांगांना साधने पुरवणारी केंद्र सरकारची एडीप योजना १९८१ पासून आहे, शिबिरे होतात, साहित्य वाटले जाते. बहुतेक अहवालही तिथेच थांबतात. कुबडीच्या टोकाचे रबर झिजले की ओल्या लादीवर ती घसरते. कानाच्या मशीनचा सेल संपतो, दमट हवेत आत ओल धरते, वाढत्या मुलाच्या कानाला जुना साचा बसत नाही आणि मशीन शिट्टी मारू लागते. किती साधने दिली, एवढ्यावरून यातले काहीच कळत नाही. सहा महिन्यांनी, शक्यतो पावसाळा उलटल्यावर, घरी जाऊन ते वापरात आहे का, दुरुस्ती कुठे झाली, तिला किती पैसे पडले, हे विचारणारा अभ्यास खरा उपयोगाचा. त्यासाठी महागडी यंत्रणा लागत नाही. आशा सेविकेला पत्ते ठाऊक असतात.

उत्तर कोण देतो, हेही पाहावे लागते. भारताने १ ऑक्टोबर २००७ रोजी मान्य केलेल्या संयुक्त राष्ट्रांच्या अपंग हक्क करारात अपंग व्यक्तींच्या सहभागाचे तत्त्व आहे. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने मान्य अपंगत्वांचे प्रकार ७ वरून २१ केले; त्यांत बौद्धिक अपंगत्व आणि मानसिक आजारही आहेत. तरी प्रत्यक्ष मुलाखतीत कर्णबधिर सुनेच्या वतीने सासू बोलते, बौद्धिक अपंगत्व असलेल्या तरुणाच्या वतीने भाऊ, आणि ते उत्तर त्या व्यक्तीच्या नावावर चढते. सांकेतिक भाषेचा दुभाषी, सोप्या चित्रांची प्रश्नावली आणि सोबत्याचा प्रवासखर्च या बाबी संशोधनाच्या अंदाजपत्रकात सुरुवातीलाच लिहाव्या लागतात; मागाहून त्यांना पैसे उरत नाहीत.