‘आपली’ नाही, ‘आमची’

परळला आमच्या चाळीच्या गच्चीवर पुनर्विकासाची सभा भरली होती. बिल्डरकडून आलेला माणूस मराठी चांगलं बोलत होता. ‘आपली चाळ’, ‘आपली मुलं’, ‘आपल्याला पार्किंग मिळणार’ असं त्याचं चाललं होतं. पन्नास वर्षं त्याच खोलीत संसार केलेल्या पहिल्या मजल्यावरच्या काकू मध्येच म्हणाल्या, “आपली नाही, आमची चाळ.” कुणी काही बोललं नाही. त्या माणसाने मात्र पुढची सगळी सभा ‘तुमची चाळ’ म्हणून काढली.

आता काकूंचं वाक्य प्रमाण हिंदीत सांगून पाहा. ‘हमारी नहीं, हमारी चाल.’ सगळी धारच गेली. इंग्रजीतही तीच गत.

‘आपण’मध्ये ऐकणारा धरलेला असतो, ‘आम्ही’मध्ये तो वगळलेला असतो. हा भेद मराठीत किती पक्का आहे ते ‘जाऊ या’वरून कळतं. ‘आपण जाऊ या’ ठीक, पण ‘आम्ही जाऊ या’ कुणीच म्हणत नाही. शाळेच्या व्याकरणात हा नियम घोकल्याचं मला आठवत नाही. असं न शिकवता अंगी मुरलेलं ज्ञान शोधणं हे भाषिक मानवशास्त्राचं, म्हणजे भाषेतून समाज समजून घेणाऱ्या शास्त्राचं, मोठं काम. त्यासाठी प्रश्नावली घेऊन फिरण्यापेक्षा लोकांमध्ये राहून, त्यांची भाषा शिकून, ती कुठल्या प्रसंगी कशी वापरली जाते हे ऐकत बसावं लागतं. पहिल्या महायुद्धाच्या काळात पॅसिफिक महासागरातल्या ट्रोब्रियंड बेटांवर मानवशास्त्रज्ञ मालिनोव्स्की हेच करत होता.

दोन ‘आम्ही’ असलेल्या भाषा जगात कमी नाहीत. पेरूमधल्या केचुआ भाषेतला हा भेद दोमिंगो दे सांतो तोमास या स्पॅनिश धर्मोपदेशकाने १५६० सालच्या व्याकरणातच टिपला होता. मला सगळ्यात आवडतं ते पापुआ न्यू गिनीच्या टोक पिसिनचं उदाहरण. या भाषेचे बहुतेक शब्द इंग्रजीतून आलेले, आणि इंग्रजीत तर ‘आम्ही’ एकच. बोलणाऱ्यांच्या मूळ भाषांत दोन होते, त्यांचं एकावर भागेना. मग इंग्रजीतलेच ‘यू’ आणि ‘मी’ जोडून ‘युमी’ म्हणजे आपण, आणि ‘मी’ला ‘फेलो’ जोडून ‘मिपेला’ म्हणजे आम्ही.

मराठीकडे हे आलं कुठून? संस्कृतात ‘वयम्’ एकच. तमिळमध्ये मात्र ‘नाम’ आणि ‘नांगळ’, तेलुगूत ‘मनमु’ आणि ‘मेमु’ असे दोन-दोन शब्द आहेत. द्राविडी भाषांच्या शेजारात राहून मराठीने हा भेद घेतला, असं अनेक भाषाशास्त्रज्ञ मानतात. शब्द घरचाच. ‘स्वतः’ या अर्थाच्या ‘आत्मन्’पासून, प्राकृतातून ‘आपण’ झाला. काम मात्र शेजाऱ्याकडून शिकलेलं. सांगली जिल्ह्यातल्या कुपवाड गावी भाषाशास्त्रज्ञ जॉन गम्पर्झ यांनी हे शेजारपण प्रत्यक्ष अभ्यासलं. तिथे घरात कुणाची कन्नड, कुणाची उर्दू, कुणाची मराठी. शब्द वेगळे राहिले, पण वाक्यांची ठेवण इतकी जवळ आली की एका भाषेतलं वाक्य शब्दाला शब्द ठेवून दुसरीत नेता यावं. तिथल्या उर्दूनेही दोन ‘आम्ही’ उचलले. मुंबईच्या हिंदीतलं ‘अपन’ ऐकताना मला ते गाव आठवतं.

नात्यांचीही अशीच गोष्ट. इरावती कर्वे यांनी १९५३ च्या ग्रंथात देशभरची नात्यांची नावं आणि लग्नाच्या चालीरीती भाषावार मांडल्या. उत्तरेत मामाची किंवा आत्याची मुलगी म्हणजे बहीणच. दक्षिणेत दोघींशीही लग्न चालतं. महाराष्ट्रातल्या अनेक जातींत मामाची मुलगी चालते, आत्याची नाही. व्याकरण असो की सोयरीक, आपण उत्तर-दक्षिणेच्या शिवेवरची माणसं आहोत, आणि मला त्याचा अभिमान वाटतो.

म्हणून काही हिंदी भाषकांना आपलं-परकं कळत नाही, असं नाही. भाषाशास्त्रज्ञ रोमान याकोब्सन यांनी १९५९ मध्ये मुद्दा नेमका मांडला होता: काय सांगता येतं यात भाषांचा फरक नसतो, काय सांगावंच लागतं यात असतो. हिंदीत ‘हम’ म्हणून मोघम राहता येतं. मराठी माणसाला तोंड उघडताच ठरवावं लागतं, समोरचा आत की बाहेर. नवी सून माहेराबद्दल ‘आमच्याकडे पुरणपोळीला गूळ घालतात’ म्हणते तेव्हा सासूचे कान टवकारतात. आणि एखाद्या दिवशी ती सासरच्या मंडळींबद्दल सहज ‘आपल्याकडे’ म्हणून जाते. तो दिवस कुणी कॅलेंडरवर लिहीत नाही, पण घरातल्या सगळ्यांनी तो ऐकलेला असतो.

माझी गोरेगावची भाची इंग्रजी माध्यमात शिकते. परवा चपला घालून दारात उभी राहिली आणि आईला म्हणाली, “आई, आम्ही कधी निघायचं?” ताई आतून पोळी लाटता लाटताच ओरडली, “आम्ही म्हणजे कोण गं? मला नाही नेणार?” पोरगी क्षणभर गोंधळली. मग म्हणाली, “आपण, आपण!”