डाग नसलेल्या पानातल्या बुरश्या

उष्णकटिबंधीय जंगलातल्या झाडाचे एखादे तजेलदार, डाग नसलेले पान घ्या. त्याच्या आत अनेक जातींच्या बुरश्या राहत असतात आणि झाडावर रोगाचे एकही लक्षण दिसत नाही. अशा रहिवाशांना एंडोफाइट म्हणतात. जर्मन कवकशास्त्रज्ञ आंतोन दे बारी यांनी १८६६ मध्ये ही संज्ञा वापरली, पण पुढची शंभरेक वर्षे उष्णकटिबंधीय झाडांमधल्या या बुरश्यांकडे फारसे कुणी वळले नाही. बुरश्यांचे अभ्यासक डागाळलेली, सुकलेली, कुजलेली पाने गोळा करत. निरोगी पान तपासायला घ्यावे असे कुणाला वाटणार?

लक्ष गेले ते आधी थंड आणि समशीतोष्ण प्रदेशांत. अमेरिकेत फेस्क्यू गवतावर चरणारी गुरे आजारी पडत. १९७७ मध्ये चार्ल्स बेकन आणि सहकाऱ्यांनी या आजाराचा संबंध गवताच्या आत वाढणाऱ्या बुरशीशी जोडला. त्याच सुमारास ऑरेगनमध्ये जॉर्ज कॅरोल सूचिपर्णी झाडांच्या पानांतल्या बुरश्या शोधत होते. गवतातली ती बुरशी बियांमधून पुढच्या पिढीत जाते. उष्णकटिबंधीय झाडांचे बहुधा तसे नसते. कोवळे पान उमलते तेव्हा ते जवळजवळ रिकामे असते. हवेतून, पावसातून बीजाणू त्यावर पडतात, ओल मिळाली की रुजतात आणि काही आठवड्यांत पान आतून भरून जाते. म्हणूनच एकाच झाडाच्या दोन पानांतही वेगवेगळ्या बुरश्या सापडू शकतात.

मोजणीचा प्रश्न ऐरणीवर आला १९९१ मध्ये. डेव्हिड हॉक्सवर्थ यांनी ब्रिटनमध्ये वनस्पतीच्या एका जातीमागे बुरशीच्या साधारण सहा जाती असल्याचे पाहिले आणि त्या गुणोत्तरावरून जगात बुरशीच्या १५ लाख जाती असाव्यात असा अंदाज मांडला. पण ब्रिटनचे गुणोत्तर वर्षावनाला लावायचे कसे? तिथल्या झाडांच्या पानांत काय दडले आहे हे तर फारसे कुणी पाहिलेच नव्हते.

उत्तराचा पहिला मोठा तुकडा पनामातून आला. बार्रो कोलोरॅडो बेटावरच्या दोन वृक्षजातींची ८३ निरोगी पाने एलिझाबेथ अर्नोल्ड आणि सहकाऱ्यांनी तपासली. पद्धत साधी, पण वेळखाऊ. पान धुवायचे, अल्कोहोल आणि ब्लीचने वरचे बीजाणू मारायचे, मग पानाचे बारीक तुकडे करून आगरवर (बुरशी वाढवण्यासाठीच्या जेलीसारख्या पोषक थरावर) ठेवायचे आणि त्यांतून काय उगवते याची वाट पाहायची. २००० मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात दिसण्यावरून वेगळे वाटणारे ४१८ प्रकार मिळाले आणि त्यांतले निम्म्याहून अधिक एकेकदाच सापडले. मला या दुसऱ्या गोष्टीचे महत्त्व अधिक वाटते. इतके प्रकार एकदाच भेटत असतील, तर आणखी पाने तपासल्यावर यादी वाढतच जाणार.

मात्र सगळीकडे असेच दिसले नाही. टी. एस. सूर्यनारायणन आणि सहकाऱ्यांनी नीलगिरी परिसरातल्या जंगलांत वर्षानुवर्षे काम केले. तिथे आप्तसंबंध नसलेल्या अनेक झाडांत फायलोस्टिक्टासारख्या त्याच त्या बुरश्या पुन्हा पुन्हा सापडल्या. म्हणजे झाडांच्या जाती वाढल्या की बुरश्यांच्याही त्याच पटीत वाढतात, हे गृहीत धरता येत नाही. पनामाचा आकडा सगळीकडे उद्धृत होतो. नीलगिरीतल्या कामाकडेही तितकेच लक्ष जायला हवे, कारण पनामाच्या आकड्यावरून साऱ्या उष्णकटिबंधाचा हिशेब मांडण्यातला धोका त्यातून दिसतो.

या बुरश्या झाडासाठी काय करतात? २००३ मध्ये पनामातच कोकोच्या रोपांवर प्रयोग झाला. ज्या पानांत एंडोफाइट मुद्दाम वसवले होते, त्यांचे फायटोफ्थोरा या रोगकारकामुळे झालेले नुकसान कमी होते. औषधांच्या शोधानेही या क्षेत्राला गती दिली. सह्याद्रीतल्या नरक्या झाडात कॅम्पटोथेसिन हे कर्करोगविरोधी औषधांना आधार असलेले रसायन असते आणि त्यासाठी या झाडाची बेसुमार तोड झाली. २००५ मध्ये नरक्याच्या अंतर्सालीतल्या एका बुरशीत तेच रसायन आढळले. झाड वाचण्याची आशा निर्माण झाली, पण प्रयोगशाळेत अशा बुरश्या पुन्हा पुन्हा वाढवल्या की त्यांचे उत्पादन घटत जाते, ही अडचण आजही आहे.

पानांपलीकडे खोडांतही शोध सुरू झाला. पेरूमधल्या रबराच्या झाडांच्या रसकाष्ठात (खोडातल्या पाणी वाहून नेणाऱ्या जिवंत लाकडात) मिळालेली एक बुरशी ज्ञात वर्गांपैकी कशातच बसेना. तिच्यासाठी २०१२ मध्ये झायलोनोमायसीट्स हा नवा वर्गच करावा लागला.

आगरवर न वाढणाऱ्या बुरश्या आता पानातल्या डीएनएवरून ओळखू येतात. २०१७ मध्ये हॉक्सवर्थ आणि रॉबर्ट ल्युकिंग यांनी जगातल्या जातींचा अंदाज २२ ते ३८ लाखांवर नेला. नावे मिळालेल्या जाती मात्र दीड लाखाच्या आसपासच आहेत. नाव देण्यासाठी प्रत्यक्ष नमुना लागतो. केवळ डीएनए-क्रमावरून नाव देऊ द्यावे, या प्रस्तावाला २०१८ च्या पोर्तो रिकोतल्या कवकशास्त्रज्ञांच्या जागतिक परिषदेत मान्यता मिळाली नाही. त्यामुळे केवळ डीएनएवरून माहीत असलेल्या कितीतरी बुरश्या माहितीसाठ्यांत नुसत्या क्रमांकांनी नोंदल्या गेल्या आहेत.