अवटु हॉर्मोनांची पातळी व अवटुविकारांचा धोका (बेळगाव सीमाभाग)

कंठमण्याखाली श्वासनलिकेला बिलगून असलेली अवटु (थायरॉईड) ग्रंथी टी४ (थायरॉक्सिन) व टी३ ही हॉर्मोने स्रवते. त्यांच्या निर्मितीवर मेंदूच्या तळाशी असलेल्या पोष (पिट्युटरी) ग्रंथीच्या टीएसएच या हॉर्मोनाचा ताबा असतो. टी४ कमी पडू लागले की टीएसएच वाढते, पण सम प्रमाणात नव्हे : टी४ निम्म्यावर आले तर टीएसएच सुमारे शंभरपट होऊ शकते. म्हणूनच ग्रंथी मंदावू लागल्याची पहिली खूण टीएसएचमध्ये उमटते. लक्षणे (थकवा, बद्धकोष्ठ, वजनवाढ, पाळीच्या तक्रारी) पुष्कळदा नंतर येतात व इतर अनेक विकारांतही आढळतात.

मर्यादेचा वाद : प्रौढांत टीएसएच लिटरला ०.४ ते ४ मिलि-एकके असावे, असे सर्वसाधारणपणे धरतात. वरची मर्यादा मात्र वादग्रस्त आहे. २००३ च्या सुमारास अमेरिकेतील प्रयोगशाळा-तज्ज्ञांच्या एका गटाने ती २.५ वर आणावी असा आग्रह धरला. काटेकोरपणे निवडलेल्या निरोगी लोकांपैकी ९५ टक्क्यांहून अधिकांचे मूल्य याच्या आत असते, हा त्यांचा मुख्य युक्तिवाद. इंग्लंडमधील व्हिकम येथील पाहणीही या मताला पूरक ठरते. तेथे १९७२–७४ मध्ये २,७७९ प्रौढांची तपासणी झाली व वीस वर्षांनी त्यांचा पुन्हा मागोवा घेण्यात आला. टीएसएच २ च्या वर गेल्यापासूनच पुढे अवटुमंदता, म्हणजे ग्रंथीचे काम मंदावण्याचा विकार (हायपोथायरॉईडिझम), होण्याची शक्यता चढत जाते, असे त्यात दिसले. टीएसएच वाढलेले व अवटुविरोधी प्रतिपिंडेही (शरीराने स्वतःच्याच ग्रंथीविरुद्ध बनवलेली प्रथिने, अँटिबॉडीज) असलेल्या स्त्रियांपैकी वर्षाला सुमारे ४.३ टक्के या विकाराकडे गेल्या. केवळ टीएसएच वाढलेल्यांत हे प्रमाण २.६ टक्के, तर केवळ प्रतिपिंडे असलेल्यांत २.१ टक्के होते. पुरुषांत हा विकार बराच विरळ आढळला.

धोका मर्यादेच्या आतच सुरू होतो, हे मान्य केले तरी मर्यादा खाली ओढावी असे त्यातून निघत नाही. तसे केल्यास असंख्य निरोगी माणसे एका रात्रीत रुग्ण ठरतील. शिवाय वयाबरोबर टीएसएच वाढते. ऐंशीच्या पुढे ते ७.५ च्या आसपास असूनही विकार नसू शकतो. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका युरोपीय चाचणीत, किंचित वाढलेले टीएसएच असणाऱ्या ६५ वर्षांवरील ७३७ जणांपैकी लेव्होथायरॉक्सिनची (कृत्रिम थायरॉक्सिनची) गोळी घेणाऱ्यांना लक्षणांत विशेष लाभ झाला नाही. गर्भारपण वगळता, ४ ते १० या पट्ट्यात लगेच गोळी सुरू न करता काही आठवड्यांनी फेरतपासणी करणे व प्रतिपिंडे पाहणे अधिक समर्थनीय दिसते. फेरतपासणी शक्यतो त्याच प्रयोगशाळेत व त्याच वेळी व्हावी. टीएसएच रात्री चढते, दुपारी उतरते आणि तपासणी-संचागणिक संदर्भमूल्येही बदलतात. एक अहवाल बेळगावचा व दुसरा कोल्हापूर किंवा मिरजेचा, असे दोन कागद शेजारी ठेवून केलेली तुलना त्यामुळे फसवी ठरू शकते.

सीमाभाग : सुश्रुतसंहितेत गलगंडाचे (गळ्यावरील सुजेचे) वातज, कफज व मेदोज असे प्रकार दिले आहेत, त्यांचा आजच्या अवटुविकारांशी नेमका मेळ घालणे धाडसाचे होईल. हिमाचल प्रदेशातील कांगडा खोऱ्यातील आयोडीनयुक्त मिठाच्या प्रयोगानंतर १९६२ मध्ये राष्ट्रीय गलगंड नियंत्रण कार्यक्रम सुरू झाला. त्याचा आरंभीचा रोख हिमालयाच्या पट्ट्यावर होता. खानापूर तालुक्यात कणकुंबी–जांबोटीकडे पाऊस मुसळधार पडतो. अशा पावसात मातीतील आयोडीन धुऊन जाते, तेव्हा केवळ स्थानिक धान्य-भाजीतून ते पुरेसे मिळेल असे गृहीत धरता येत नाही. कारवारकडे समुद्री मासळी काही भर घालते. सागरी मीठ मात्र त्या कामाचे नाही : आगरातील खडे मीठ समुद्राचे असले तरी त्यात आयोडीन नगण्य असते. सैंधवाचेही तेच. आयोडीन न मिसळलेले खाण्याचे मीठ विकण्यावर देशात मे २००६ पासून बंदी आहे. कोबी व नवलकोल यांत गलगंडजनक द्रव्ये असतात. परंतु शिजवल्याने त्यांचा जोर घटतो व आयोडीन पुरेसे असल्यास ती गौण ठरतात. निपाणीच्या तंबाखूसंबंधी एवढेच, की विडीच्या धुरातून शरीरात वाढणारे थायोसायनेट आयोडीनचे शोषण अडवते आणि ग्रेव्हज विकारात (यात अवटु ग्रंथी प्रमाणाबाहेर स्रवते) धूम्रपानाने डोळ्यांचा त्रास बळावतो.

भारतातील आठ शहरांतील प्रौढांच्या, २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीत अवटुमंदतेचे प्रमाण सुमारे ११ टक्के आढळले. शहरांत गोवा व बंगळूर ही दोन्ही होती. मीठ आयोडीनयुक्त झाल्यानंतरच्या काळातला हा आकडा असल्याने, आयोडीनच्या अभावापेक्षा हाशिमोटो यांनी १९१२ मध्ये वर्णिलेल्या स्वयंप्रतिरोधी (शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच ग्रंथीवर उलटते अशा) विकाराकडे आता अधिक लक्ष जाते.

उपचारात लेव्होथायरॉक्सिन उपाशीपोटी पाण्याबरोबर देतात. लोह व कॅल्शियमच्या गोळ्या त्यानंतर चार तासांनी घ्याव्यात. मात्रा बदलल्यावर सहा ते आठ आठवड्यांनी टीएसएच पुन्हा पाहतात.